काळ्या मातीच्या अंगणात डायन्थस

ताई, आपण लिहिले आहे की जानेवारीत रोपवाटिकेतून फुललेली डायन्थसची रोपे आणून ती इंदूरच्या घराच्या अंगणात लावली, त्यांना रोज सकाळी न चुकता पाणी घातले, तरीही ती खालून पिवळी पडत गेली आणि शेवटी बुडाशी कुजून हातात आली. त्याआधी पावसाळ्यात पाकिटातले बी पेरले होते, तेही उगवले आणि आठवडा व्हायच्या आत सगळे आडवे झाले. आता गच्चीवर कुंड्यांत हे फूल जमेल का, आणि एकदा जगलेले रोप पुढच्या हिवाळ्यापर्यंत राखता येईल का, असे आपण विचारले आहे. वर्णनावरून दोन्ही वेळी ओलच नडलेली दिसते: आणलेली रोपे मुळांशी साचून राहिलेल्या पाण्याने गेली, आणि पेरलेले बी पावसाळ्यातील दमटपणाने. इंदूरची हिवाळी हवा डायन्थसला फार मानवते: स्वच्छ ऊन, कोरडा वारा, दिवसा २५-२६ अंश आणि रात्री १० च्या आसपास उतरणारा पारा, इतके अनुकूल हवामान त्याला मैदानी प्रदेशात सगळीकडे मिळत नाही. अडचण आहे ती अंगणातील काळ्या मातीची आणि पेरणीच्या वेळेची. या दोहोंचा निकाल रोप जमिनीत जाण्यापूर्वीच लागलेला असतो, म्हणून उत्तराचा मोठा भाग मी त्यांनाच देतो आहे.

आधी आपण नेमके काय आणले होते ते पाहू. डिसेंबर-जानेवारीत रोपवाटिकांतून काळ्या पिशवीत किंवा छोट्या प्लास्टिकच्या कुंडीत ‘डायन्थस’ म्हणून जे मिळते, ते बहुतेक वेळा चायना पिंक, म्हणजे डायन्थस चायनेन्सिस, किंवा त्याचा स्वीट विल्यम या दुसऱ्या डायन्थसशी केलेला संकर असतो. उंची वीत-दीड वीत, पाने अरुंद आणि समोरासमोर, खोडावर जागोजागी फुगीर पेरी, आणि पाच पाकळ्यांचे, कातरलेल्या कडांचे फूल, ज्याच्या मध्यभागी पुष्कळदा गडद रंगाचे कडे असते, अशी त्याची ओळख आहे. याला सुगंध जवळजवळ नसतो, हे आधीच सांगितलेले बरे, कारण अनेक जण वासाच्या अपेक्षेने ते आणतात. लवंगेच्या वळणाचा सुगंध ही त्याच डायन्थस वंशातील कार्नेशनची खूण. मात्र पुष्पगुच्छात दिसणारे लांब दांड्याचे कार्नेशन पुणे, नाशिक किंवा निलगिरीच्या परिसरात पॉलिहाउसमध्ये, जाळीचा आधार देऊन आणि बाजूच्या कळ्या खुडून वाढवलेले असते, आणि घरच्या बागेत सुरुवात त्याने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्वीट विल्यम हे मूळचे दोन वर्षांचे रोप आहे: पहिल्या वर्षी नुसती पाने, थंडी अंगावर घेतल्यानंतर दुसऱ्या वर्षी फुले. मधला उन्हाळा आणि पावसाळा त्याला आपल्याकडे सोसत नाही, म्हणून पहिल्याच वर्षी फुलणारा वाण असे पाकिटावर छापलेले असेल तरच ते बी घ्यावे. चायना पिंक आणि स्वीट विल्यम यांच्या संकरातून आलेले टेलस्टारसारखे वाण नवशिक्याला सर्वांत सोयीचे, कारण ते लवकर फुलतात आणि फेब्रुवारी-मार्चमधली वाढती ऊब इतरांपेक्षा थोडी अधिक काळ सहन करतात. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, माणसाने हेतुपुरस्सर केलेला वनस्पतींचा पहिला नोंदलेला संकर याच वंशातला मानला जातो. लंडनचे रोपवाटिकाकार थॉमस फेअरचाइल्ड यांनी १७१७ च्या सुमारास कार्नेशन आणि स्वीट विल्यम यांचा तो केला होता, आणि तो वांझ निघाला.

आता मातीकडे वळू. ‘पग-पग रोटी, डग-डग नीर’ असे ज्या मालव्याच्या मातीचे कौतुक होते, तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद गव्हाला आणि हरभऱ्याला वरदान आहे, डायन्थसला मात्र तीच मारक ठरते. बेसॉल्टच्या खडकापासून तयार झालेली ही माती ओली झाली की फुगते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बुजतात आणि ती चिकटून बसते. वाळली की आकसून तिला भेगा पडतात आणि त्या पडताना वरच्या थरातील बारीक मुळे तुटतात. डायन्थसची मुळे तंतुमय असतात आणि मुख्यतः वरच्या वीतभर थरातच पसरतात, त्यामुळे त्याला दोन्हींचा मार बसतो. आपल्या अंगणातील मातीची परीक्षा घरीच करता येते. मूठभर ओली माती तळव्यावर घेऊन तिची पेन्सिलीएवढी जाड वळी वळा आणि ती वाकवून तिचे कडे करून पाहा. कडे न मोडता, न तडकता तयार झाले तर मातीत चिकण फार आहे असे समजावे. याहून खात्रीची परीक्षा खड्ड्याची आहे: फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, ते पाणी मुरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार तासांनंतरही तळाशी दिसत असेल, तर त्या जागी सपाट वाफ्यात डायन्थस लावण्याचा विचार सोडून द्यावा.

आपल्या रोपांचे काय झाले असावे हे यावरून लक्षात येईल. रोपवाटिकेतील रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणात वाढलेले असते. ते काळ्या मातीत खड्डा करून जसेच्या तसे बसवले की तो खड्डा न गळणाऱ्या भांड्यासारखा होतो: वरून घातलेले पाणी भोवतीच्या चिकण मातीत शिरत नाही, ते कोकोपीटच्या गोळ्यात साठत राहते, आणि रोज सकाळी त्यात भर पडते. वरची माती दुपारपर्यंत कोरडी दिसते, त्यामुळे पाणी कमी पडते आहे असेच वाटते, आणि खाली मुळे गुदमरत असतात. पाने पिवळी पडू लागली की आणखी पाणी घातले जाते, आणि तिथेच रोपाचा शेवट होतो.

काळ्या मातीत थोडी रेती मिसळून हा प्रश्न सुटेल असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी देणार नाही. चिकण मातीत थोडक्या रेतीने निचरा सुधारत नाही, उलट वाळल्यावर ती विटेसारखी कडक होण्याचा संभव असतो. त्याऐवजी जमिनीच्या पातळीपासून २०-२५ सेंटिमीटर उंच वाफा करावा आणि तो वेगळ्या मातीने भरावा. इंदुरात ज्याला माळी ‘पीली मिट्टी’ म्हणतात ती मुरमाड पिवळी माती दोन भाग, पूर्ण कुजलेले खत एक भाग आणि जाड रेती एक भाग, हे मिश्रण पुरेसे आहे. रेती जाडच घ्यावी, गिलाव्यासाठी चाळलेली बारीक रेती उपयोगाची नाही. वाफ्याच्या कडेला विटा लावायच्या असतील तर त्या सिमेंटने जोडू नयेत, फटींतून पाणी बाहेर पडू द्यावे. गच्चीवरील कुंड्यांसाठी हेच मिश्रण चालते. गच्चीवर वजनाची काळजी असेल तर पिवळ्या मातीचा एक भाग कमी करून तेवढे कोकोपीट घालता येईल, पण कोकोपीट एकूण मिश्रणाच्या चतुर्थांशापेक्षा जास्त होऊ देऊ नये.

मातीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. डायन्थसला उदासीन ते किंचित अल्कधर्मी माती, म्हणजे साधारण ६.५ ते ७.५ सामू (pH) असलेली, चालते. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे असतात, बोअरचे पाणीही अनेक वस्त्यांमध्ये जड असते, आणि याच कारणाने गार्डेनियासारख्या झाडांची पाने लोह न मिळाल्यामुळे शिरा सोडून पिवळी पडतात. डायन्थस ही तक्रार सहसा करत नाही. डायन्थसला चुना घालावा असे जे वाचायला मिळते, ते आम्लधर्मी मातीच्या प्रदेशांसाठी लिहिलेले असते. इंदुरात चुना घालण्याचे काहीही कारण नाही.

खत जुने आणि पूर्ण कुजलेलेच हवे. ताज्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात, आणि त्यातील उष्णता व क्षार कोवळी मुळे जाळतात. हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता पावसानंतरच्या मातीचा वास येतो आणि मूळचा काडीकचरा ओळखू येत नाही, तेव्हाच ते वापरण्याजोगे झाले असे मानावे. इंदूरकरांना हे वेगळे सांगायची गरज पडू नये, कारण जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी कंपोस्टची रीत याच शहरात आकाराला आली. येथील वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली, आणि रसायनशास्त्राच्या बाजूने त्यांच्याबरोबर काम करणारे सहकारी यशवंत वाड होते. आजचे कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक काळाने खालीवर करून, साधारण तीन महिन्यांत खत तयार करण्याची ती पद्धत आहे. ओला कचरा वेगळा ठेवण्याची सवय आता घरोघरी आहेच. जूनअखेर लावलेला ढीग सप्टेंबरअखेर वाफ्यात घालण्यास तयार होतो, आणि डायन्थसला तो नेमका त्याच वेळी हवा असतो. पावसात त्यावर झाकण मात्र ठेवावे.

पेरणीच्या वेळेबद्दल आता. डायन्थसचे बी १८ ते २४ अंश तापमानात सर्वांत चांगले उगवते आणि रोपाची पुढची वाढ थंड, कोरड्या हवेत व्हावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये इंदुरात तापमान सोसण्यासारखे असले तरी हवेतील दमटपणा कोवळ्या रोपांना सोसत नाही. आपले बी उगवून आडवे झाले ते त्यामुळे. पाऊस ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पितृपक्ष संपून दसरा येईपर्यंतचा काळ हा पेरणीचा योग्य काळ समजावा. या सुमारास दुपारी अजून ऑक्टोबरचा उकाडा असतो, म्हणून ट्रे उजेडाच्या सावलीत ठेवावा. पेरणीपासून फुलापर्यंत ११ ते १३ आठवडे लागतात, त्या हिशेबाने पहिली फुले डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या आरंभी येतात आणि नीट राखल्यास बहर रंगपंचमीपर्यंत चालतो. सगळे बी एकाच दिवशी न पेरता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत पेरले तर एखादा अवकाळी पाऊस आला तरी सगळे बुडत नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरण्यात मात्र अर्थ नाही. रोप फुलावर येईपर्यंत ऊन तापू लागते.

बी काळे, चपटे आणि बारीक असते, एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार भरते, त्यामुळे पाकिटात ते थोडे दिसले तरी घरच्या बागेला पुरून उरते. खोल पेरण्याची चूक टाळावी. चाळलेले गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन ट्रे किंवा उथळ कुंडी भरावी, पृष्ठभाग फळीच्या तुकड्याने हलका दाबून सपाट करावा, बोटभर अंतरावर उथळ रेघा ओढून त्यांत बी सुटे सुटे पेरावे आणि वरून जेमतेम ३ मिलिमीटर मिश्रण चाळणीने भुरभुरावे. पाणी झारीने न घालता बारीक फवाऱ्याने द्यावे, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमते. वर वर्तमानपत्राचा एक कागद झाकून रोज उघडून पाहावे. सहा-सात दिवसांत हिरवी टोके दिसू लागली की कागद त्याच दिवशी काढावा आणि ट्रे सकाळच्या कोवळ्या उन्हात हलवावा. कागद आणखी एक दिवस राहिला तरी रोपे लांबुळकी होतात आणि मग ती शेवटपर्यंत सावरत नाहीत.

रोपे आडवी होण्याचा प्रकार कसा ओळखायचा ते नीट पाहून ठेवा. वरची दोन बीजपत्रे (बियांतून निघालेली पहिली पाने) हिरवीगार आणि टवटवीत असतात, पण मातीला टेकणाऱ्या जागी खोड पाणचट, तपकिरी आणि दोऱ्याइतके बारीक झालेले असते. बोटाने नुसते स्पर्शले तरी रोप लवते आणि पुन्हा उठत नाही. सुरुवात ट्रेच्या एका ठिपक्यात होते आणि दुसऱ्या दिवशी त्याभोवती वर्तुळ वाढलेले असते. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरश्या हे करतात, आणि त्यांना दाट पेरणी, संध्याकाळचे पाणी व कोंदट हवा लागते. पेरणीपूर्वी एक किलो मिश्रणाला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळणे, पाणी सकाळीच देणे आणि वरचा थर दोन पाण्यांच्या मधे सुकू देणे एवढ्याने बहुतेक वेळा निभते. तरीही ठिपका दिसलाच तर तेवढा भाग मातीसकट चमच्याने उचलून फेकावा, दोन दिवस पाणी तोडावे आणि उरलेल्या रोपांवर लिटरला २ ग्रॅम कॅप्टन या बुरशीनाशकाचे द्रावण घालावे. आडवे झालेले रोप वाचवण्याच्या भानगडीत पडू नये.

ज्यांना बियांचा व्याप नको त्यांनी रोपे विकत घ्यावीत, त्यात कमीपणा काही नाही. फक्त ती नोव्हेंबरमध्ये, फूल यायच्या आधी घ्यावीत. माणूस साहजिकच फुललेल्या रोपाकडे हात नेतो, पण छोट्या पिशवीत पूर्ण बहरलेले रोप आपली ताकद संपवून बसलेले असते. बुटके, बुडापासून फुटलेले, निळसर झाक असलेल्या पानांचे आणि एक-दोन बंद कळ्यांचे रोप निवडावे. पिशवी उलटी करून तळाची छिद्रे पाहावीत: पांढरी मुळे डोकावत असतील तर चांगले, तपकिरी आणि बुळबुळीत असतील तर रोप परत ठेवावे.

पेरणीनंतर महिनाभरात, रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की पुनर्लागण करावी. दोन रोपांत १५-२० सेंटिमीटर अंतर ठेवावे. दहा इंची कुंडीत तीन रोपे पुरतात, आणि कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असलेली बरी. विकतचे रोप लावताना मुळांभोवतीचा कोकोपीट बोटांनी हलके सैल करून झाडावा, म्हणजे मुळे नव्या मातीला लगेच भिडतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोप पूर्वी ज्या पातळीवर होते त्याच पातळीवर, किंबहुना दोन-तीन मिलिमीटर उंचच बसवावे. टोमॅटोचे रोप खोल लावले की त्याला वरपर्यंत मुळे फुटतात, म्हणून तीच सवय इथे लागू करणारे अनेक आहेत; डायन्थसचे बूड मातीत गाडले गेले की ते कुजते. याच कारणाने बुडाशी वाळक्या पानांचे आच्छादनही चिकटवून घालू नये.

ऊन रोज निदान पाच-सहा तास लागते. गच्चीवर ऊन भरपूर असते असे आपण गृहीत धरतो, पण डिसेंबरच्या मध्यान्ही इंदूरला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेकडील कठड्याची सावली जवळजवळ कठड्याच्या उंचीइतकी आत पडते. कठडा साडेतीन फूट उंच असेल तर त्याला लागून मांडलेल्या कुंड्या सगळा हिवाळा सावलीत राहतात आणि त्यांतील रोपे नुसती लांब होतात, फुलत नाहीत. कुंड्या उत्तरेच्या कठड्याकडे किंवा गच्चीच्या मधोमध ठेवाव्यात, आणि त्यांखाली दोन विटा द्याव्यात, म्हणजे तळाचे छिद्र मोकळे राहते आणि फेब्रुवारीनंतर तापणाऱ्या स्लॅबची झळ मुळांना लागत नाही.

पाण्याविषयी बरेचसे वर आलेच आहे. तुळशीला रोज सकाळी पाणी घालण्याची आपल्या घरांतील रीत चांगली आहे, पण तोच तांब्या पुढे डायन्थसवर रिकामा होतो आणि गोष्ट बिघडते. बोट पेरभर मातीत घालून पाहावे. तिथे ओल लागली तर पाणी द्यायचे नाही. थंडीत कुंडीला साधारण दोन-तीन दिवसांनी आणि उंच वाफ्याला चार-पाच दिवसांनी पाणी लागते, मार्चमध्ये हे अंतर कमी होते. जेव्हा द्यायचे तेव्हा मात्र तळातून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि कुंडीखाली ताटली ठेवू नये. पाणी बुडाशी घालावे, पानाफुलांवर नाही. जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी मिळत असेल तर उत्तमच. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी कुंडीच्या कडेला पांढरी साय धरू लागली की महिन्यातून एकदा नर्मदेच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने माती चांगली धुऊन काढावी.

खताची भूक या रोपाला बेताचीच असते. मिश्रणातील कंपोस्टखेरीज, लागवडीनंतर दोन आठवड्यांनी १९:१९:१९ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांचे) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांतून एकदा द्यावे, आणि कळ्या दिसू लागल्या की नत्र कमी करून ०:५२:३४ लिटरला १ ग्रॅम द्यावे. रासायनिक खत नको असेल तर मूठभर निंबोळी पेंड आणि थोडा हाडांचा चुरा सुरुवातीलाच मातीत मिसळून पुढे पातळ गांडूळपाणी देत राहावे. युरिया मुळीच देऊ नये. त्याने रोप हिरवेगार, लुसलुशीत आणि फुलाविना राहते, आणि मावा नेमका त्याच्यावरच येतो. उंच वाढणाऱ्या वाणांचा शेंडा पानांच्या पाच-सहा जोड्या झाल्यावर एकदा खुडावा, म्हणजे बुडापासून फांद्या फुटतात. टेलस्टारसारख्या बुटक्या संकरित वाणांना खुडण्याची गरज नाही, त्यात फक्त पंधरवडा वाया जातो.

बहर सुरू झाला की खरे काम कात्रीचे असते. सुकलेले फूल नुसते ओरबाडून काढले तर त्याखालची नळी, म्हणजे निदलपुंज, जागेवर राहते आणि तिच्यात बी भरू लागते, आणि एकदा बी धरले की रोप नवीन कळ्यांचा विचार सोडते. म्हणून फुलाचा दांडा खाली, जिथे पेऱ्यातून नवा कोंब डोकावताना दिसतो, तिथपर्यंत कापावा. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या आरंभी पहिला बहर ओसरला की सगळे रोप वरून एक तृतीयांश छाटावे आणि एकदा खताचे पाणी द्यावे. छाटताना हात कचरतो, कारण काही कळ्या त्यातच जातात. पण तीन-चार आठवड्यांत जो दुसरा बहर येतो तो पहिल्यापेक्षा दाट असतो, आणि तो न घेतल्यानेच डायन्थस महिनाभरातच संपते असा समज झाला आहे.

किडींचा त्रास हिवाळ्यात थोडा असतो. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो झाडावा आणि नंतर लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल, त्यात थोडा द्रव साबण घालून, संध्याकाळी फवारावे. फेब्रुवारीअखेर हवा कोरडी आणि उष्ण झाली की पाने राखाडी, निस्तेज दिसू लागतात आणि त्यांच्या मागे बारीक जाळी धरते. तो लाल कोळी असतो, आणि त्यासाठी पानांच्या मागच्या बाजूवर सलग तीन-चार दिवस सकाळी पाण्याचा फवारा मारणे हा साधा उपाय चांगला लागू पडतो. पाने खाली टाकण्याऐवजी एका बाजूची फांदी अचानक मलूल झाली तर मर रोगाची शंका घ्यावी: त्या फांदीचे खोड आडवे कापून पाहावे, आत तपकिरी कडे दिसले तर तो फ्युजेरियमचा रोग आहे आणि त्याला औषध नाही. असे रोप मातीसकट उपटून कचऱ्यात द्यावे, कंपोस्टमध्ये घालू नये, आणि ही बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहत असल्याने त्या जागी डायन्थस किंवा कार्नेशन पुन्हा लावू नये. झेंडू किंवा शेवंती लावावी. आपल्या अंगणातील रोपे उपटून आली तेव्हा आत असे कडे होते की नाही हे आता कळणार नाही, म्हणून सावधगिरी म्हणून यंदा जागा बदलावी हे बरे. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याला पाने चघळू देऊ नयेत, पोट बिघडते.

रोप पुढच्या वर्षीपर्यंत राखता येते का, याचे उत्तर असे की येते, पण ते कष्ट करण्याजोगे नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चायना पिंक अल्पायुषी बहुवर्षायू आहे, थंड प्रदेशात ते दोन-तीन वर्षेही टिकते. इंदूरचा मे महिना, जेव्हा पारा ४० च्या पुढे असतो, तो ५० टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली, फक्त सकाळचे ऊन देऊन आणि खत पूर्ण बंद ठेवून काढता येतो; खरी कसोटी त्यानंतरच्या पावसाळ्याची असते, आणि बहुतेक रोपे तिथे जातात. एखादा रंग फारच आवडला असेल तर जुने रोप जपण्यापेक्षा त्याच्या काड्या लावाव्यात. फेब्रुवारीत, फूल न आलेल्या कोवळ्या फांदीचा तीन-चार पेऱ्यांचा, ५-७ सेंटिमीटरचा तुकडा पेऱ्याच्या लगेच खाली कापावा, खालची पाने काढून तो ओल्या जाड रेतीत खोचावा आणि उजेडाच्या सावलीत ठेवावा. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. ही छोटी रोपे चार इंची कुंड्यांत, पाऊस थेट पडणार नाही अशा पूर्वेच्या गॅलरीत किंवा खिडकीच्या छज्जाखाली ठेवली तर काही निश्चित तग धरतात आणि ऑक्टोबरमध्ये मोठ्या कुंडीत हलवता येतात.

बी धरायचे असेल तर मार्चमध्ये दोन-चार सशक्त रोपांवरची फुले न कापता ठेवावीत. निदलपुंज वाळून पिवळसर तपकिरी झाला आणि आतल्या बोंडाचे टोक चार दातांनी उघडले की बी तयार झाले. बोंड उभे असते, त्यामुळे बी लगेच सांडत नाही, पण दांडा वाकवला की ते क्षणात ओघळते. म्हणून आधी खाली कागदी पाकीट धरावे आणि मग दांडा कापावा. दोन दिवस सावलीत सुकवून, फोलपट फुंकून, वाण व वर्ष लिहिलेल्या पाकिटात ते घालावे आणि ते पाकीट हवाबंद डब्यात ठेवून डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, कारण बाहेर ठेवलेले बी पावसाळ्याच्या दमट हवेत उगवणशक्ती गमावते. संकरित वाणाच्या बियांपासून येणारी रोपे मात्र आईसारखी निघत नाहीत; रंग आणि उंची वेगवेगळी येते. ज्यांना एकरंगी वाफा हवा त्यांनी दर वर्षी नवे पाकीट घ्यावे, आणि ज्यांना मिश्र रंग चालतात त्यांनी घरचेच बी बिनदिक्कत पेरावे.